बत्तीस लाखांचे मिलान

बुधवार

मिलानची लोकसंख्या किती, असे विचारले तर तीन उत्तरे मिळतात आणि तिन्ही बरोबर असतात. मिलान महापालिकेच्या हद्दीत, म्हणजे सुमारे १८२ चौरस किलोमीटरांत, साडेतेरा ते पावणेचौदा लाख लोक राहतात. १ जानेवारी २०१५ रोजी जुन्या मिलान प्रांताच्या जागी 'महानगर' हे नवे प्रशासकीय एकक आले. त्यात आज १३३ नगरपालिका असून सुमारे १,५७५ चौरस किलोमीटरांत बत्तीस लाखांहून अधिक लोक आहेत. आणि कामासाठी व शिक्षणासाठी रोज मिलानकडे ये-जा करणाऱ्यांचा सगळा पट्टा धरला, तर हाच आकडा पन्नास लाखांच्या आसपास जातो. भूगोल शिकवण्यात आयुष्य गेल्यामुळे हे आकडे मला पाठ होते. या वेळच्या इटलीच्या प्रवासात चित्रे, चर्च आणि कमानी जरा बाजूला ठेवाव्यात आणि या आकड्यांतली माणसे कुठे, कशी आणि कोणत्या कारणाने राहतात ते पाहावे, असे ठरवूनच ऑक्टोबरच्या उत्तरार्धात मी निघालो.

मालपेन्सा हा मिलानचा विमानतळ म्हणून ओळखला जात असला तरी तो वारेसे प्रांतात आहे, म्हणजे शहराच्याच नव्हे तर महानगराच्याही हद्दीबाहेर. तिथून निघालेली गाडी बुस्तो आर्सीत्सिओ आणि सारोन्नो मागे टाकत मिलानच्या बोविसा स्टेशनात शिरते, आणि या सबंध वाटेवर गाव संपले व शहर सुरू झाले असे म्हणण्याजोगी जागा डोळ्यांना सापडत नाही. कारखान्याची शेड, तिला लागून दुमजली घरे, मध्येच मक्याचा एखादा तुकडा, दफनभूमीची भिंत, पुन्हा शेड. प्रांताची सीमा केव्हा ओलांडली हे केवळ नकाशामुळे कळले.

ही दाटी उत्तरेलाच का, याचे उत्तर जमिनीत आहे. मिलानच्या उत्तरेचे मैदान वाळू आणि गोट्यांचे. पावसाचे पाणी तिथे टिकत नाही. तेच पाणी जमिनीखालून वाहत येऊन शहराच्या आसपास, माती बारीक होते तिथे, झऱ्यांच्या रूपाने वर येते आणि दक्षिणेची शेते बारमाही भिजवते. दक्षिणेत त्यामुळे मोठ्या मालकांची बागायती शेती आणि विरळ वस्ती राहिली. उत्तरेच्या कोरडवाहू शेतकऱ्याचे शेतीवर भागत नव्हते. त्याच्या घरात रेशमाचे किडे आले, मग माग आले, मग गिरणी आणि शेवटी पोलादाची भट्टी. आजही महानगराची उत्तर बाजू गच्च आणि दक्षिण बाजू मोकळी आहे.

गुरुवार

सकाळी मध्यवर्ती स्टेशनापासून सुरुवात केली. १९३१ साली उघडलेली ही इमारत अवाढव्य आहे आणि ती पाहणाऱ्याला लहान वाटायला लावण्यासाठीच बांधलेली आहे, याबद्दल मला शंका नाही. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या पंचवीस वर्षांत सिसिली, कालाब्रिया, पुलिया आणि कांपानिया या दक्षिणेकडच्या प्रदेशांतून लाखो माणसे याच फलाटांवर उतरली. 'फ्रेच्चा देल सूद', म्हणजे दक्षिणेचा बाण, असे भरधाव नाव असलेली गाडी सिसिलीहून इथे येई, आणि नावाशी अजिबात न जुळणारा तिचा प्रवास दिवसरात्र चाले. स्टेशनाबाहेर पडले की समोर पिरेल्ली मनोरा दिसतो. १२७ मीटर उंचीची ही इमारत १९६० साली पुरी झाली. आज तिथे, मिलान ज्याची राजधानी आहे त्या लोंबार्दी प्रदेशाची विधानसभा भरते.

या आगमनाची एक बाजू प्रवासी पुस्तकांत येत नाही. शहरांकडे येणारा लोंढा अडवण्यासाठी मुसोलिनीच्या राजवटीने १९३९ साली एक कायदा केला होता. मोठ्या किंवा औद्योगिक गावात रहिवासी म्हणून नाव नोंदवायचे असेल तर तिथे नोकरी असल्याचा पुरावा लागे, आणि नोकरीसाठी सरकारी रोजगार कार्यालयात नाव घालायचे तर तिथला रहिवास लागे. राजवट कोसळली, राजेशाही गेली, प्रजासत्ताक आले, तरी हा कायदा फेब्रुवारी १९६१ पर्यंत रद्द झाला नाही. आपल्याच देशाचे नागरिक असलेली हजारो माणसे त्यामुळे मिलानच्या परिसरात वर्षानुवर्षे नोंदीविना राहिली, कंत्राटदाराच्या हाताखाली कमी मजुरीवर राबली आणि सरकारदरबारी मात्र अजून आपल्या खेड्यातच होती.

जनगणनेचे आकडे हे ध्यानात ठेवूनच वाचले पाहिजेत. १९५१ मध्ये मिलान शहराची लोकसंख्या १२.७४ लाख होती. १९६१ मध्ये ती १५.८२ लाख आणि १९७१ मध्ये १७.३२ लाख झाली. मधल्या वाढीत नव्याने आलेले होते तसेच आधीपासून राहणारे, पण आता कुठे कागदावर आलेलेही होते. १९७१ नंतर उतरण लागली: २००१ मध्ये १२.५६ लाख, २०११ मध्ये १२.४२ लाख. चाळीस वर्षांत जवळपास पाच लाख माणसे कमी झाली. कारखाने बंद पडले, घरे महागली, मुले कमी झाली हे खरेच; पण यातले बरेचसे लोक मिलान सोडून मिलानच्याच कडेला जाऊन राहिले, म्हणून प्रांताची बेरीज तेवढी खाली आली नाही.

शहराने आपली कड पूर्वी दोनदा मोठ्या प्रमाणावर पुढे सरकवली होती. १८७३ मध्ये तटबंदीबाहेरचे 'कोर्पी सांती' नावाचे कडे त्याने पोटात घेतले, आणि १९२३ मध्ये आफ्फोरी, बाज्जो, लांब्राते, निग्वार्दा अशा अकरा नगरपालिका. त्यानंतर मात्र शहर वाढले तरी हद्द जवळपास तिथेच राहिली. मिलानच्या लोकसंख्येविषयीचे बहुतेक गोंधळ या थांबलेल्या रेषेतून निघतात, असे माझे मत आहे.

दुपारी इझोला भागात गेलो. स्टेशनापलीकडचा हा कामकऱ्यांचा जुना मोहल्ला. आज त्याच्या डोक्यावर झाडे लावलेले दोन उंच मनोरे उभे आहेत आणि त्यांचे फोटो जगभर फिरतात. मला पाहायची होती ती 'कासा दि रिंगिएरा'. मध्ये चौक, चारी बाजूंनी प्रत्येक मजल्यावर लोखंडी कठड्याची सलग गॅलरी, गॅलरीवर उघडणाऱ्या एक-दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांची रांग आणि टोकाला सामाईक संडास. गिरगावच्या किंवा लालबागच्या चाळीत ज्याने दिवस काढले आहेत त्याला इथे नकाशाची गरज पडणार नाही. कपड्यांच्या दोऱ्यासुद्धा ओळखीच्या वाटतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस खेड्यांतून आलेल्या कामगारांसाठी बांधलेल्या या इमारतींत पुढे दक्षिणेचे लोक आले, त्यानंतर परदेशी, आणि आता दोन खोल्या एकत्र करून संडास आत घेतलेली ही घरे हौसेने विकत घेणारे वास्तुविशारद आणि जाहिरातवाले. शहरातील घरांचा सरासरी भाव चौरस मीटरला पाच हजार युरोंच्या पुढे गेला आहे. २०२३ च्या मे महिन्यात इथल्या तंत्रविद्यापीठाच्या एका विद्यार्थिनीने भाडे परवडत नाही म्हणून विद्यापीठासमोर तंबू ठोकला आणि ते लोण इतर विद्यापीठांच्या आवारांत पसरले. मिलानमध्ये सुमारे दोन लाख विद्यार्थी शिकतात. त्यांतले बाहेरगावचे कितीतरी जण आपल्या मूळ गावच्या नोंदवहीतच राहतात, म्हणजे शहराच्या लोकसंख्येत ते मोजलेही जात नाहीत.

शुक्रवार

लाल रंगाची पहिली मेट्रो १९६४ साली धावली आणि १९८६ मध्ये ती सेस्तो सान जोवान्नीपर्यंत पोहोचली. तिकीट दोन युरो वीस सेंटचे, मिलानमध्ये चालते तेच इथेही. मेट्रोतून उतरल्यावर आपण दुसऱ्या नगरपालिकेत आलो आहोत याची एकच खूण दिसली: कचऱ्याच्या गाड्यांवरचे बोधचिन्ह बदलले होते.

कामगारांचा आणि कम्युनिस्टांचा बालेकिल्ला म्हणून सेस्तोला एके काळी 'इटलीचे स्टॅलिनग्राड' म्हणत. फाल्क कंपनीचे पोलाद, ब्रेदाची रेल्वे इंजिने आणि मान्येती मारेल्लीची विजेची उपकरणे अशा कारखान्यांभोवती हे गाव वाढले. मार्च १९४४ मध्ये जर्मन ताबा असतानाही इथल्या कामगारांनी संप केला, आणि त्याची किंमत म्हणून शेकडो जण छळछावण्यांत पाठवले गेले. १९७१ च्या सुमारास गावाची वस्ती नव्वद हजारांच्या पुढे होती. आज ती ऐंशी हजारांच्या आसपास आहे. फाल्कच्या भट्ट्या १९९० च्या दशकाच्या मध्यास कायमच्या विझल्या. त्यांच्या जागेवरून चालताना सांगाडा उरलेल्या एका प्रचंड शेडखाली मी बराच वेळ होतो. पलीकडे आरोग्य संकुलाचे काम चालू होते. १९४५ पासून सतत डाव्यांच्या हाती असलेली ही नगरपालिका २०१७ मध्ये उजव्या आघाडीकडे गेली.

फाल्कने कामगारांसाठी बांधलेल्या वसाहतीजवळच्या एका कॉफीच्या दुकानात ऐंशी ओलांडलेले एक गृहस्थ भेटले. माझी इटालियन कामापुरतीच, पण त्यांना बोलायचे होते आणि मला ऐकायचे होते, त्यामुळे अडले नाही. पुलियातल्या फोज्जाजवळच्या खेड्यातून ते १९५८ मध्ये आले. "कचेरीतला कारकून म्हणायचा, आधी नोकरीचा कागद आणा. कारखान्याच्या दारात म्हणायचे, आधी रहिवासाचा कागद आणा. अडीच वर्षे मी या दोन खिडक्यांच्या मध्ये राहिलो," असे त्यांनी सांगितले. पुढे कागद झाला, ब्रेदात नोकरी लागली, गावाकडून भाऊ आला, मेहुणा आला. थोरला मुलगा कुठे असतो असे विचारल्यावर म्हणाले, "मोंत्साला. बसने वीस मिनिटे." मोंत्सा हे सव्वा लाख वस्तीचे शहर सेस्तोला जवळपास चिकटलेले आहे, पण २००४ च्या कायद्याने मोंत्सा आणि ब्रियान्झा असा वेगळा प्रांत झाला आणि २००९ पासून तो प्रत्यक्षात आला. आठ लाखांहून अधिक माणसे अशी एका कायद्याने मिलानच्या बेरजेतून वजा झाली. बापाची गणना महानगरात होते, मुलाची होत नाही, आणि रविवारचे जेवण दोघे एकत्र घेतात.

महानगराच्या कारभारातही ही विसंगती आहे. मिलान शहराचा महापौर हाच कायद्याने महानगराचाही प्रमुख असतो. सध्या ते पद २०१६ पासून ज्युझेप्पे साला यांच्याकडे आहे. महानगर परिषद नगरसेवक आणि नगराध्यक्ष आपल्यातून निवडतात. परिणामी बत्तीस लाखांपैकी निम्म्याहून अधिक लोकांना आपल्या महानगरप्रमुखाच्या निवडीत मत नाही. इटलीच्या घटनात्मक न्यायालयाने २०२१ मध्ये या व्यवस्थेवर बोट ठेवले, पण व्यवस्था चालूच आहे.

दुपारी शेजारच्या चिनिसेल्लो बाल्सामोला गेलो. १९२८ मध्ये दोन खेडी जोडून झालेल्या या गावात १९५१ मध्ये पंधरा हजारांच्या आसपास लोक होते. वीस वर्षांनी ते पंचाहत्तर हजारांच्या पुढे गेले. अशा वाढीला पुरेल एवढी घरे कोणी बांधली नव्हती. दक्षिणेतून आलेल्यांनी शेतकऱ्यांकडून हप्त्याने जमिनीचे तुकडे घेतले, रविवारी आणि रात्री स्वतःच्या हातांनी भिंती उभ्या केल्या, आधी तळघरात राहिले, वर खोली चढवली आणि ती गावाकडून नव्याने आलेल्याला भाड्याने दिली. गटार नाही, रस्ता नाही, दिवा नाही. वर्तमानपत्रांत तेव्हा कोरियातील युद्धाच्या बातम्या असत, म्हणून लोक या वस्त्यांना 'कोरेआ' म्हणू लागले. मी गेलो तेव्हा त्यांतली बरीच घरे गिलावा केलेली, मागे द्राक्षाचा मांडव आणि पुढे दोन गाड्या अशी नीटनेटकी होती. रस्ते मात्र अजून शेताच्या बांधांसारखे वाकडेतिकडे आहेत. गावातील गिर्लांदा हवेलीत समकालीन छायाचित्रांचे संग्रहालय आहे, आणि मिलान प्रांताने १९८० च्या दशकाच्या शेवटी आपल्या भूभागाची पद्धतशीर छायाचित्रे काढवून घेतली होती ती तिथे जपलेली आहेत. या विषयात रस असलेल्याने तासभर तिथे जरूर द्यावा.

शनिवार

व्हिया पाओलो सार्पी हा मिलानचा चिनी रस्ता. १९२० च्या दशकात चीनच्या जज्यांग प्रांतातून, मुख्यतः वेन्जौ आणि छिंगत्येन या भागांतून, काही तरुण फ्रान्समार्गे इथे आले. आधी खोटे मोती आणि मग रेशमी टाय विकू लागले आणि युद्धानंतर चामड्याच्या पिशव्यांकडे वळले. पूर्वी या भागात भाजीवाल्यांची आणि कांदेवाल्यांची वस्ती होती. १९९० नंतर घाऊक व्यापार इतका फोफावला की हातगाड्यांच्या वर्दळीवरून रहिवाशांशी खटके उडू लागले, आणि एप्रिल २००७ मध्ये एका दंडाच्या पावतीवरून पोलिसांशी दंगलच झाली. नंतर रस्ता पादचाऱ्यांसाठी राखला गेला. आज तिथे मिलानचे तरुण रांग लावून वाफाळलेले मोमो खातात. एक गोष्ट मात्र लक्षात घ्यावी: शहरातील बहुतेक चिनी लोक या रस्त्यावर राहत नाहीत. इथे दुकान आहे; राहणे उत्तरेकडच्या आणि ईशान्येच्या स्वस्त भागांत.

संध्याकाळी लोरेतो चौकातून व्हिया पादोवा चालायला घेतली. चौकापासून पूर्वीच्या क्रेशेन्झागो गावापर्यंत सुमारे चार किलोमीटर जाणारा हा रस्ता मिलानच्या लोकसंख्येचा उभा छेद आहे. सुरुवातीला पेरू देशाच्या पद्धतीने कोंबडी भाजणारी उपाहारगृहे, बांगलादेशी किराणा, इजिप्शियन कसाई, चिनी न्हावी, पैसे पाठवायची दुकाने. मध्ये एका जुन्या इटालियन लोहारसामानाच्या दुकानात निवृत्त मंडळींचा अड्डा. आणखी पुढे इस्लामी संस्कृती केंद्र. शेवटी मार्तेसाना कालव्याच्या काठावर एकेकाळी मिलानच्या श्रीमंतांनी उन्हाळ्यासाठी बांधलेले बंगले.

मिलान शहरात दर पाच रहिवाशांपैकी साधारण एक परदेशी नागरिक आहे. इजिप्त, फिलिपिन्स आणि चीन हे पहिले तीन देश. त्यांच्यामागे पेरू, श्रीलंका, बांगलादेश, रुमानिया, युक्रेन, इक्वेडोर. या यादीत आश्चर्य वाटावे असे बरेच आहे. यांतला एकही देश इटलीची वसाहत नव्हता, त्यामुळे लंडनमध्ये भारतीय किंवा पॅरिसमध्ये अल्जीरियन जसे सापडतात तसा जुना साम्राज्याचा धागा इथे नाही. माणसे आली ती धंद्याच्या वाटेने आणि नात्यागोत्याच्या साखळीने. नाईलच्या खोऱ्यातील तरुण १९७० च्या दशकापासून उपाहारगृहांत भांडी घासायला लागले, भट्टीपाशी सरकले, आणि आज मिलानमध्ये पिझ्झा खाल्ला तर तो इजिप्शियन हातांनी थापलेला असण्याची शक्यता मोठी आहे. भारतीय या यादीत बरेच खाली आहेत. लोंबार्दीतले पंजाबी मिलानपेक्षा क्रेमोना, मान्तोवा आणि ब्रेशाच्या गोठ्यांमध्ये अधिक सापडतात.

रस्त्याच्या एका बाजूला त्रोत्तेर उद्यान आहे. घोड्यांच्या शर्यतीचे जुने मैदान घेऊन १९२० च्या दशकात अशक्त मुलांसाठी तिथे खुल्या हवेतील शाळा काढली गेली. तिच्यात आज वर्गांतली बहुसंख्य मुले परदेशी आईबापांची आहेत. शाळा सुटण्याची वेळ नसल्याने मला केवळ झाडे, मंडप आणि बाकांवरच्या आज्या दिसल्या. याच परिसराच्या पश्चिमेला भाड्यांची चढण सुरू झाली आहे; लोरेतोच्या उत्तरेला 'नोलो' असे नवे नाव चिकटले आणि नावाबरोबर भावही चढला.

रविवार

फिलिपिनो समाज मिलानमध्ये डोळ्यांना क्वचित दिसतो, कारण तो घरांच्या आत काम करतो. १९७० च्या दशकापासून आधी बायका आल्या, पुष्कळदा चर्चच्या ओळखीने; श्रीमंत घरांत राहून मुले आणि म्हातारी माणसे सांभाळू लागल्या आणि मग त्यांनी नवरे आणि मुले बोलावून घेतली. आपल्याकडे स्थलांतर म्हटले की आधी पुरुष जातो. इथे क्रम उलटा आहे. रविवारी सकाळी सान्तो स्तेफानो चर्चमध्ये, जे मिलानच्या धर्मपीठाने स्थलांतरितांसाठी राखले आहे, तगालोग भाषेतील प्रार्थनेला उभे राहायला जागा नव्हती. बाहेर डबे उघडले गेले. मला भाताचा एक द्रोण मिळाला.

दुपारी शहराच्या मध्यभागी पेरूच्या लोकांची मिरवणूक लागली. लिमाच्या 'चमत्कारांच्या प्रभू'ची ही जत्रा ऑक्टोबरात असते आणि मिलानमधील पेरूवासी ती दरवर्षी काढतात: जांभळे अंगरखे, खांद्यावर क्रूसावरच्या ख्रिस्ताच्या चित्राचा जड मखर, पुढे धूप घेऊन उलट्या पावलांनी चालणाऱ्या बायका. फुटपाथवर खरेदीच्या पिशव्या घेतलेले मिलानवासी दोन मिनिटे थांबून पाहत होते. देशात चर्चला जाणाऱ्यांची संख्या घसरत असताना मिलानमधील कॅथलिक प्रार्थनेची गर्दी आता बऱ्याच प्रमाणात फिलिपिन्स, पेरू आणि श्रीलंकेच्या किनारपट्टीवरून आलेली आहे. परदेशी म्हणजे परधर्मी हे समीकरण इथे लागू पडत नाही.

सोमवार

महानगरातील सर्वाधिक परदेशी प्रमाण शहरात नाही, कडेला आहे. वायव्येच्या बारान्झातेत तीनपैकी साधारण एक रहिवासी परदेशी आहे आणि पूर्वेच्या पिओल्तेल्लोत चारपैकी एक. मी पिओल्तेल्लोला उपनगरी गाडीने गेलो.

स्टेशनापासून थोड्या अंतरावरचा 'सातेलीते' म्हणजे उपग्रह मोहल्ला १९६० च्या दशकात दक्षिणेच्या कामगारांसाठी घाईने उभारला गेला. खासगी बिल्डरने बांधलेल्या, आठ-नऊ मजल्यांच्या, एकसारख्या इमारती. पहिले रहिवासी सावकाश बाहेर पडले. त्यांनी विकलेले किंवा भाड्याने दिलेले फ्लॅट पाकिस्तानी, इजिप्शियन, इक्वेडोरी आणि रुमानियन कुटुंबांनी घेतले. सोसायट्या कर्जात बुडाल्या, लिफ्ट बंद पडल्या, उष्णतेची सोय तुटली. खाली फळवाल्याकडे बायका उर्दूत घासाघीस करत होत्या, आणि मी हिंदीत भाव विचारल्यावर त्याने दोन केळी जास्तीची घातली.

या गावची एक शाळा २०२४ च्या वसंतात देशभर गाजली. बालमजुरीविरुद्ध उभ्या राहिलेल्या इक्बाल मसीह या पाकिस्तानी मुलाचे नाव असलेल्या या शाळेत सुमारे चाळीस टक्के विद्यार्थी मुस्लिम आहेत. ईदच्या दिवशी निम्मे वर्ग रिकामे राहतात म्हणून शाळेने त्या दिवशी, १० एप्रिलला, सुट्टी जाहीर केली. यावर मंत्र्यांनी आक्षेप घेतले, वाहिन्यांवर चर्चा झडल्या. राष्ट्राध्यक्ष सेर्जो मात्तारेल्ला यांनी मात्र शाळेच्या पत्राला उत्तर पाठवून शिक्षकांच्या कामाची दखल घेतली. सुट्टी ठरल्याप्रमाणे झाली.

त्या वर्गांतली पुष्कळ मुले इटलीतच जन्मलेली आहेत आणि तरीही 'परदेशी' या रकान्यात मोजली जातात. १९९२ चा नागरिकत्व कायदा रक्ताच्या नात्यावर उभा आहे: परदेशी आईबापांचे इथे जन्मलेले मूल सलग इथेच राहिले तर अठराव्या वर्षी अर्ज करू शकते, युरोपीय संघाबाहेरून आलेल्या प्रौढाला दहा वर्षांचा कायदेशीर रहिवास दाखवावा लागतो. उलट अर्जेंटिनात जन्मलेल्या, इटलीत पाऊलही न ठेवलेल्या नातवाला आजोबांच्या दाखल्यावर नागरिकत्व मिळत असे. २०२५ मध्ये ती वाट पुष्कळ अरुंद करण्यात आली. त्याच वर्षी जूनमध्ये दहा वर्षांची अट पाच वर्षांवर आणण्यासाठी सार्वमत झाले, पण मतदान तीस टक्क्यांच्या आसपासच राहिले आणि निम्म्या मतदारांची अट पुरी न झाल्याने ते निष्फळ ठरले. म्हणून 'मिलानमध्ये परदेशी इतके टक्के' हे वाक्य वाचताना मी आता थांबतो. त्यात काल विमानातून उतरलेला मजूर आहे, आणि लांब्रातेच्या दवाखान्यात जन्मून मिलानी ढंगाची इटालियन बोलणारी पंधरा वर्षांची मुलगीही आहे. सेस्तोच्या त्या गृहस्थांना दोन खिडक्यांमध्ये अडीच वर्षे काढावी लागली होती. तिला अठरा काढायची आहेत.

मंगळवार

दिवसभर पाऊस. नगरपालिकेच्या एका कचेरीतील प्रतीक्षागृहात आणि वाचनालयात वेळ घालवला. इटलीत २०१८ पासून जनगणना दरवर्षी होते, नमुन्याने आणि नोंदवह्यांची सांगड घालून. २०११ नंतर पुढच्या जनगणनेची वाट पाहत राहिलेल्या आपल्यासारख्यांना हेवा वाटावा अशी ही सोय आहे. मिलानच्या नोंदवहीतील निम्म्याहून अधिक कुटुंबे एकाच माणसाची आहेत. त्यांत वृद्ध विधवा आहेत आणि नोकरीसाठी आलेले तिशीतले तरुणही. इटलीत १९६४ साली दहा लाखांहून अधिक मुले जन्मली होती. २०२४ मध्ये ती संख्या पावणेचार लाखांच्याही खाली गेली. मिलान तरीही २०११ नंतर पुन्हा थोडे वाढले आहे, आणि ही वाढ पाळण्यातून आलेली नाही: परदेशातून आणि दक्षिणेकडून माणसे येतात, मूल झाले किंवा दुसरी खोली लागली की ती कडेच्या गावांकडे निघतात, आणि त्यांची जागा पुढचे घेतात.

बुधवार

शेवटचा दिवस दक्षिणेसाठी ठेवला होता. १९९० मध्ये स्थापन झालेले दक्षिण मिलान कृषी उद्यान सुमारे ४७,००० हेक्टरांचे आहे आणि साठेक नगरपालिकांतून पसरले आहे. शहर संपताच भाताची कापलेली खाचरे, पाटाचे पाणी आणि विटांचे मोठे वाडे दिसतात. किआराव्हाल्ले मठाच्या भिक्षूंनी बाराव्या शतकात ही जमीन ओलिताखाली आणण्याचे काम हाती घेतले होते. लोकसंख्येचा नकाशा इथे एकदम फिका पडतो, अपवाद दोन ठिपक्यांचा.

पहिला ठिपका रोत्सानो. युद्धानंतर काही हजार वस्तीचे हे खेडे सरकारी घरबांधणीमुळे पुढच्या दोन दशकांत शहर झाले. आज तिथे चाळीस हजारांहून अधिक लोक आहेत. इमारतींच्या रांगा, मधली झाडे आता चांगली वाढलेली, दक्षिणी आडनावांच्या पाट्या आणि त्यांच्यात मिसळलेली अरबी आडनावे. गुन्हेगारीच्या बातम्यांत या गावाचे नाव वारंवार येते. मला दुपारी दिसले ते बाजार उठवणारे विक्रेते आणि पत्ते खेळणारे पेन्शनर.

दुसरा ठिपका लगतचे बाझिल्यो. १९८० च्या दशकात, पुढे इटलीचे पंतप्रधान झालेल्या सिल्व्हिओ बेर्लुस्कोनी यांच्या कंपनीने इथे 'मिलानो त्रे' ही वसाहत उभी केली: तळी, हंस, गाड्यांपासून वेगळे काढलेले पादचारी मार्ग. दरडोई उत्पन्नाच्या यादीत हे गाव इटलीत वरच्या स्थानांवर असते. महानगराच्या सरासरीत रोत्सानो आणि बाझिल्यो एकत्र मिसळतात आणि दोन्ही ठिकाणच्या कोणालाही न ओळखणारे एक मधले माणूस तयार होते. बसमधून माझ्याबरोबर उतरलेल्या आठ-दहा बायकांपैकी दोघी स्पॅनिश बोलत होत्या, बाकीच्या बहुधा तगालोग. प्रत्येकीच्या हातात घराच्या किल्ल्यांचा जुडगा होता आणि तळ्याकाठच्या वाटांवर त्या झपाझप पांगल्या. त्यांची नावे रोत्सानोच्या किंवा मिलानच्या वहीत असतील. परतीची बस साडेपाचला होती, आणि तिच्या थांब्यावर त्यांतल्या बहुतेक जणी पुन्हा भेटल्या.